रद्दी आणि दप्तर

‘रद्दी’ हा शब्द मराठीने अरबीतून घेतला. ‘रद’ म्हणजे नाकारणे, परतविणे. जे नाकारले ते रद्दी. या व्युत्पत्तीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणताही कागद जन्मतः रद्दी नसतो. तो जुना होतो, पिवळा पडतो, घडीवर फाटतो, त्यावरील अक्षर वाचणारे माणूस घरात उरत नाही. तरीही तो रद्दी होत नाही. घरातले कोणीतरी एके दिवशी ‘हे आता नको’ असे म्हणते, त्या क्षणी तो रद्दी होतो.

आमच्या हातून हे एकदा घडले आहे, आणि ते प्रथमच सांगून टाकलेले बरे. बेळगावच्या शहापुरातील आमचे वडिलार्जित घर वाटणीनंतर विकावयाचे ठरले, तेव्हा फडताळे रिकामी करण्याचे काम आमच्याकडे आले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, जुन्या वह्या, पंचांगे आणि एका तांबड्या रुमालात बांधलेली मोडी पत्रे असा सगळा ऐवज ओसरीवर निघाला. मोडी आम्हांस वाचता येत नव्हती. आजोबांचे थोरले बंधू ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत होते, त्यांची ही पत्रे, एवढे लहानपणी ऐकले होते. घर दोन दिवसांत मोकळे करून द्यावयाचे होते. रद्दीवाल्याने तराजू लावला आणि रुमालही त्यातच गेला. पुढे काही महिन्यांनी आजोबांची पोथी चाळताना तीत खूण म्हणून घातलेले त्यांतील एकच पत्र सापडले. ते आम्ही एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतले. त्यात काय होते ते शेवटी सांगू. ते ऐकल्यावर मात्र बाकीच्या पत्रांत काय असेल, हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

परंतु या लेखाचा विषय आमचे घर नव्हे. मराठ्यांच्या इतिहासाचा जो भाग आज आपण खात्रीने सांगतो, तो पुष्कळ अंशी अशाच रुमालांतून निघाला आहे. ते रुमाल शंभर-दीडशे वर्षे कोणी राखले, कशासाठी राखले आणि कसे गमावले, याची हकीगत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे.

प्रथम हे कागद कसे होते ते पाहू. पेशवाईतील लिहिण्याचा कागद हाताने केलेला असे. चिंध्या आणि ताग कुटून, लगदा करून, त्याचे ताव काढीत आणि घोटून गुळगुळीत करीत. जुन्नर आणि दौलताबाद ही गावे या कागदासाठी प्रसिद्ध होती. त्यावर काजळाच्या शाईने आणि बोरूने लिहीत. ओली शाई टिपण्यासाठी वर बारीक वाळू टाकीत. जुना कागद उलगडताना आजही कधीकधी त्या वाळूचे कण बोटांना लागतात. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघांखाली अक्षरे चालवी. मजकूर वाढला तर कागदाला कागद डकवून लांब बंद करीत. लिहून झालेले कागद चौकोनी फडक्यात बांधीत, तो रुमाल. असे रुमाल एकत्र आले म्हणजे दप्तर होई. आज शाळेतील मूल पाठीवर घेते त्यासही आपण दप्तरच म्हणतो. शब्द तोच राहिला आहे.

या चिंध्यांच्या कागदाचे एक वैशिष्ट्य असे की, कोरडा राहिला आणि वाळवीपासून वाचला तर तो अडीचशे वर्षांनीही हाताळता येतो. लाकडाच्या लगद्यापासून यंत्रावर केलेले वर्तमानपत्र पन्नास वर्षांत पिवळे पडून तुकडे होऊ लागते. म्हणजे ज्या काळी साधे क्षेमपत्रही टिकेल अशा कागदावर लिहीत, त्या काळाचे कागद आपण गमावले आहेत ते कागदाच्या दोषाने नव्हे.

हे कागद घरोघरी का राहिले? याचे एक उत्तर सरळ हिताचे आहे. सनद, वतनपत्र, इनामपत्र, महजर, वाटणीपत्र हे मालकीचे पुरावे होते. इंग्रजी अमल आल्यावर तर त्यांचे महत्त्व फार वाढले. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांस आपापला हक्क कागदांनी शाबीत करणे भाग पडले. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याची जमीन धोक्यात आली. साहजिकच सनदा पेटीत, देवघरात, माळ्यावर जिवापाड जपल्या गेल्या.

परंतु एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. सनद ठेवण्यात लाभ होता. पण छावणीतून मुलाने आईस लिहिलेले पत्र, सासरी गेलेल्या मुलीच्या आजाराची हकीगत, तीर्थयात्रेचा खर्च, मुंजीची यादी, ‘क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावे’ एवढ्याच आशयाच्या चार ओळी, हे कशासाठी ठेवले? त्यांवर कोणास इनाम मिळणार नव्हते. वडिलांचे अक्षर आहे, टाकवत नाही, एवढेच त्याचे कारण. ज्यांनी ते ठेवले त्यांस आपण इतिहासाची साधने जतन करीत आहो याची कल्पनाही नव्हती. पुढे इतिहासकारांस सनदांइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, उपयोग या दुसऱ्या प्रकारच्या कागदांचा झाला. सनद हक्क सांगते. त्या दिवशी धान्याचा भाव काय होता, पाऊस पडला की नाही, लोक कशास भ्याले होते, हे पत्र सांगते.

१८१८ साली पेशवाई संपली. पुण्याचे सरकारी दप्तर कंपनीच्या ताब्यात गेले आणि महसूल व इनाम यांच्या चौकशीसाठी ते नीट लावले गेले. ते वाचले हे खरे. परंतु मराठी अभ्यासकांस त्याची दारे दीर्घकाळ बंदच होती. सरदारांची, वकिलांची, फडणिसांची आणि कारकुनांची घरगुती दप्तरे मात्र ज्याच्या त्याच्या घरी राहिली. चाकरी गेली, तैनात गेली, वाडे मोडकळीस आले. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीस त्या कागदांतील माणसे ओळखीची राहिली नाहीत. मग कोणी ते वाण्यास पुड्या बांधण्यासाठी विकले, कोणी आपल्या हातून विटंबना नको म्हणून नदीत सोडले, कोणाचे माळ्यावर वाळवीने खाल्ले. यांतील नदीत सोडणाऱ्यांविषयी आम्हांस विशेष वाटते. त्यांस कागद टाकवत नव्हता आणि ठेवताही येत नव्हता.

याच काळात मराठ्यांचा इतिहास म्हणून जो ग्रंथ सर्वत्र वाचला जाई तो कॅप्टन ग्रँट डफ याचा, १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होता. त्यास कागद पाहण्यास मिळाले आणि त्याने परिश्रमही केले. परंतु त्याचा ग्रंथ हा शेवटचा शब्द नव्हे, आपला इतिहास आपण आपल्या साधनांवरून तपासला पाहिजे, असे १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने आपल्या टीकेत दाखविले. १८७८ साली काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आदींनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले आणि बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. घराच्या फडताळातील कागद छापखान्यात आला तो येथून.

पुढे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी या कामास आयुष्य दिले. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. अंगावरचे कपडे, थोडे सामान आणि स्वतःच्या हाताने करून खाण्याची तयारी एवढ्यावर ते गावोगाव हिंडले. दप्तर असलेल्या घरी जाऊन बसावे, मालकाचा संशय फिटेपर्यंत धीर धरावा, माळ्यावर चढावे, धूळ झाडावी, वाचावे, नकलावे, असा त्यांचा क्रम होता. मालकाचा संशयही अगदी निराधार नव्हता. इनाम कमिशनचे दिवस लोक विसरले नव्हते. कागद दाखविला तर जमीन जाईल ही भीती होती. शिवाय कित्येकांस वाटे की, आपण वाचीत नसलो तरी हे आपल्या घरचे आहे, परक्याच्या हाती का द्यावे? या अडवणुकीवर राजवाडे चिडत. त्यांचा राग प्रसिद्धच आहे. तथापि आज विचार करता असे वाटते की, ज्या आपलेपणामुळे तो मालक दप्तर दाखवीत नव्हता, त्याच आपलेपणामुळे ते दप्तर राजवाडे येईपर्यंत टिकले होते.

१९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते राजवाड्यांच्याच पुढाकाराने. घरोघरची दप्तरे एका छपराखाली यावी, मालकाचे नाव त्यांवर राहावे आणि ती अभ्यासकांस खुली असावी, ही सोय त्यामुळे झाली. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यास वारले. तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी उभे राहिले आणि त्यांचा संग्रह तेथे राहिला.

मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवीत. पटवर्धन सरदारांची दप्तरे त्यांच्या गावातच होती. शिक्षकाचा पगार, संसाराची ओढाताण आणि समोर मोडी कागदांचे डोंगर, अशा स्थितीत त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून काढण्यास आरंभ केला आणि १९२४ साली देह ठेवीपर्यंत ते काम सोडले नाही. पटवर्धनांच्या छावण्यांतून घरी येणारी पत्रे इतकी नियमित आणि तपशीलवार आहेत की, उत्तर पेशवाईतील मोहिमा जणू रोजनिशीप्रमाणे वाचता येतात. साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी चित्रे, नकाशे आणि पत्रे जमविली. नाना फडणिसांच्या मेणवली येथील दप्तरातील कागद त्यांच्या हाती आले. १९२५ साली साताऱ्यास त्यांच्या संग्रहासाठी इमारत झाली. पुढे १९३९ साली तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधीत संपादिले.

या कागदांनी काय केले, याचे एकच उदाहरण देतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिच्या अपयशाचे खापर बखरींतून आणि लोकवार्तेतून फार काळ एकट्या सदाशिवरावभाऊंच्या अहंकारावर फुटत राहिले. राजवाड्यांचा पहिला खंड १७५० ते १७६१ या अवधीतील पत्रांचा आहे. त्यांत भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांस पैसा पाठवा, रसद पाठवा, अब्दालीची रसद तोडा असे पुनःपुन्हा लिहीत आहेत. यमुनेस पूर आहे, पैसा पोहोचत नाही, दाणावैरण महाग होत आहे. मोहिमेचा गळा कसा आवळत गेला ते या पत्रांतून दिसते. दोष कोणाचा किती हा वाद पुढेही चालला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ १९६१ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली तेव्हा, प्रसिद्ध झाला. परंतु वाद आता पुराव्यावर चालू लागला. एका मेलेल्या मनुष्यास दीडशे वर्षांनी आपली बाजू मांडता आली, ती कोणीतरी ‘हे कागद राहू द्या’ असे म्हटल्यामुळे.

याच लढाईतून अठरा वर्षांचा एक तरुण कसाबसा दक्षिणेस परतला. त्याची आई त्याच्याबरोबर होती, ती त्या पळापळीत अंतरली. हा तरुण म्हणजे पुढचे नाना फडणीस. आपल्या आरंभीच्या आयुष्याची हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, तीत हा प्रसंग आहे. राज्याच्या हिशेबाचा कागद न कागद जागच्या जागी ठेवणारा हा कारभारी होता; पण हे लिहिणे कोणत्याही फडाच्या उपयोगाचे नव्हते. ते त्यांनी लिहिले आणि ते राहिले.

आमच्या या मासिकाचे वाचक बहुतेक मूळ गावापासून दूर वसलेल्या घराण्यांतील आहेत. त्यांच्या दृष्टीने या हकीगतीस आणखी एक अंग आहे. अठराव्या शतकात दक्षिणेतून उत्तरेस गेलेली माणसे एकाच गावची नव्हती. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर मूळचे पेडणे महालातील केरी गावचे. हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते. कोट्यास गुळगुळे घराणे शिंद्यांचा कारभार पाहत असे. त्यांच्या घरी राहिलेल्या दप्तरातूनच ग्वाल्हेरचे आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. राजपुतान्यातील एका गावी एका मराठी कुटुंबाने मराठी कागद जपले नसते, तर शिंदेशाहीच्या इतिहासातील किती पाने कोरी राहिली असती! महेश्वराहून पुण्यास जाणारी बातमीपत्रे पारसनिसांनी छापली. अहिल्याबाईंच्या दरबाराचा कानोसा आपणांस मिळतो तो त्यांतून.

दूर गेलेल्या घरांत पत्राचे काम नुसते बातमीचे नव्हते. कुलदेवतेच्या अभिषेकाचे पैसे कोणाबरोबर पाठविले, मुलीस स्थळ दक्षिणेत पाहावे की इकडेच, गावच्या घराची कौले कोणी फिरविली, मूळ गावी सुतक आले ते कळेपर्यंत इकडे सणाचे जेवण होऊन गेले, अशा बाबी त्यांत असत. पत्र थांबले की दोन पिढ्यांत नाते तुटे. नाते तुटले की जुन्या पत्रांतील नावे अनोळखी होत, आणि अनोळखी नावांची पत्रे फार दिवस घरात राहत नाहीत. म्हणून दप्तर आणि नाते यांस आम्ही वेगळे समजत नाही. एक दुसऱ्याच्या आधाराने राहते.

गोव्याच्या इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि येथेच १६१९ साली वारले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे, कोकणीची छाया असलेल्या मराठीतले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले आणि त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. छापलेला ग्रंथ म्हणजे शेकडो प्रती. तो नाहीसा कसा होईल? परंतु तसेच झाले. त्या तिन्ही आवृत्त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याचा हुकूमच सुटला होता. मग पुराण वाचले कसे? गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतले म्हणून. एक प्रत झिजली की दुसरी लिहिली जाई. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती लोकांनीही या प्रती जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्डान्हा यांनी त्याची आवृत्ती काढली. छापखान्याची प्रत गेली आणि कुटुंबाची राहिली. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांना जवळचा असा हा ग्रंथ ज्या लोकांनी राखला, त्यांतील बहुतेकांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत.

सरकारी जतनाचा मार्गही गोव्यास फार जुना आहे. तेथील दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला आणि दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी विसाव्या शतकात त्या दप्तरखान्याची धुरा वाहिली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा पुरावा त्यांतून बाहेर काढला. तेथे मोडी कागद आहेत, तसेच गोंयकानडी लिपीतील जुने गावकीचे कागदही आहेत. ती लिपी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कागद राहिला आणि वाचणारा गेला, ही अवस्था तेथे आधी आली. मोडीच्या बाबतीत ती आपल्या डोळ्यांदेखत येत आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. सगळे कसे ठेवावे? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार पिढ्यांचे कागद कोठे ठेवणार? आमचे पूर्वजही सर्व ठेवीत नसत. ‘पत्र वाचून फाडून टाकावे’ असे लिहिणारे लोक होते. मृत्यूची वार्ता सांगणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि ते वाचून झाल्यावर घरात ठेवीत नसत. विसरण्याचाही एक शहाणपणा असतो. जो प्रत्येक चिठोरे सांभाळतो त्यास त्यांतले मोलाचे कोणते ते सांगता येत नाही, आणि त्याच्या पाठीमागे मुले सगळाच ढीग एकदम बाहेर काढतात. म्हणून राखणे म्हणजे साठविणे नव्हे. निवडणे, वाचणे आणि कोणाचे काय ते लिहून ठेवणे, यासच आम्ही राखणे म्हणतो.

दुसरा भेद काळाचा आहे. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि पत्र लिहिणे गरिबाच्याही आवाक्यात आले. त्यापुढील शंभर वर्षे आपल्या देशात सामान्य माणसाने जेवढे लिहिले तेवढे त्याआधी कधीच लिहिले नसेल. आता ते युग सरले. तार २०१३ साली बंद झाली. भावाचा मजकूर बहिणीस क्षणात पोहोचतो, ही सोय लहान नाही. ग्वाल्हेरीहून पत्राची वाट पाहणाऱ्या आमच्या आजोबांस तिचा हेवाच वाटला असता. परंतु तो मजकूर यंत्रात राहतो, यंत्र तीन-चार वर्षांत बदलते, आणि त्याबरोबर तो जातो. आजच्या पुष्कळशा वस्तू वापरून टाकण्यासाठीच केलेल्या असतात. त्यांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्या सवयीने आपण माणसाच्या हातचे अक्षरही टाकू लागतो, तेवढे मात्र सांभाळले पाहिजे. कारण आमच्या पिढीच्या पेटीत जी पत्रे आहेत ती बहुधा हाताने लिहिलेली शेवटची पत्रे आहेत.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे थोडेच आहे. घर आवरताना मोडी वा अन्य अनोळखी लिपीतील कागद निघाला, तर तो वाचून घेतल्यावाचून बाहेर देऊ नये. पुण्या-धुळ्याच्या मंडळांत आणि सरकारी दप्तरखान्यांत मोडी जाणणारी माणसे अद्याप आहेत. मोडीचे वर्गही भरतात, घरातील एका तरुणाने ती शिकून घेतली तरी पुष्कळ झाले. जुन्या छायाचित्राच्या मागे त्यातील माणसांची नावे, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. हे काम घरातील वडील मंडळी आहेत तोवरच होण्यासारखे आहे. कागद घरी ठेवणे शक्य नसेल तर त्याची छायाप्रत ठेवून मूळ कागद संस्थेस द्यावा. राजवाडे आता कोणाच्या दारी येणार नाहीत. ज्याच्या घरी दप्तर आहे त्यानेच आता ते काम करावयाचे आहे.

आता त्या उरलेल्या एका पत्राविषयी. ते शके १८४१चे, म्हणजे १९१९ सालचे आहे. ‘मुक्काम लष्कर ग्वाल्हेर’ एवढाच ठिकाणा वर आहे. आजोबांस चिरंजीव म्हणून आशीर्वाद लिहून थोरल्या बंधूंनी एक अडचण विचारली आहे. त्यांच्या आईची तिथी कार्तिक वद्य सप्तमी. आपल्याकडे महिना अमावास्येस संपतो. उत्तरेकडे तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे आपला कार्तिक वद्य पक्ष तो त्यांचा मार्गशीर्षाचा कृष्ण पक्ष. तिकडचा उपाध्याय तिकडच्या पंचांगावरून कार्तिक म्हणतो, आणि तसे केले तर श्राद्ध एक महिना आधी होईल. तेव्हा तुम्ही तिकडे ज्या दिवशी करणार त्या दिवसाची इंग्रजी तारीखही कळवावी, म्हणजे आम्ही इकडे तोच दिवस धरू आणि आईचे पान दोन्हीकडे एकाच दिवशी मांडले जाईल. पुढे धाकट्या मुलांस पापे, वहिनींस नमस्कार आणि ‘कळावे, हे आशीर्वाद’.

आजोबांनी तारीख कळविली असेलच. त्यांचे उत्तर ग्वाल्हेरीस गेले. ते तेथे असले तर त्या घरी असेल. परंतु ते घर लष्करात कोठे होते, थोरल्या बंधूंच्या मुलांची नावे काय, त्यांचे पुढे काय झाले, हे ज्या पत्रांवरून कळले असते ती आम्ही आमच्या हातांनी तराजूत घातली. आमच्या घरात आता ते सांगणारे कोणी नाही.

हे मासिक ग्वाल्हेरीस जाते. तेथील कोणा वाचकाच्या घरी बेळगाव-शहापुराहून गेलेली, शके १८४१च्या सुमाराची मोडी पत्रे असतील, आणि त्यांतील एकात कार्तिक वद्य सप्तमीची इंग्रजी तारीख लिहिलेली असेल, तर त्यांनी कृपा करून ती राहू द्यावी आणि संपादकांच्या पत्त्यावर आम्हांस एक ओळ लिहावी. ती तिथी आम्ही अजून पाळतो.